चष्म्याच्या धंद्यातला पाहुणा

चष्म्याच्या धंद्यात त्याला सगळे 'पाहुणा' म्हणायचे. हे नाव पाडलं फ्रेमांच्या एजंटाने. हा एजंट नमुन्यांची पेटी घेऊन वर्षातून दोनदा दुकानोदुकानी फिरायचा आणि दर दोन-तीन वर्षांनी हा माणूस त्याला वेगळ्याच काउंटरमागे उभा दिसायचा. "अरेच्चा, यंदा मुक्काम इथे का?" एजंट एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "लेका, तू या धंद्यातला पाहुणा आहेस. चहा घेतोस आणि निघतोस." सगळे हसले, तोही हसला, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्याचं सातवं दुकान चालू होतं.

गंमत म्हणजे आधीच्या सहांपैकी एकाही दुकानातून त्याला कुणी काढलं नव्हतं. उलट तो गेल्यावर मालक हळहळायचे, कारण त्याच्या हाताला तोड नव्हती. माणसाचे दोन कान कधी एका पातळीत नसतात, आणि हे त्याला पट्टी न लावता नुसतं बघून कळायचं. चष्म्याची काडी गरम हवेवर धरायची, अंगठ्याने हलकेच दाबायची, गिऱ्हाइकाच्या कानामागे बसवून बघायची, पुन्हा काढायची. तिसऱ्या खेपेला चष्मा असा बसायचा की गिऱ्हाईक तो घातलाय हेच विसरायचं. अशा माणसाला कोण कशाला काढील? पण कुणी काढायच्या आधी तोच निघून जायचा.

याचं मूळ बाविसाव्या वर्षात होतं. त्या वर्षी त्याचा घसा धरला. आठ दिवस ताप, थुंकी गिळता येईना. घसा बरा झाला आणि दोन-तीन आठवड्यांनी पोटापाठीवर लाल ठिपके उठले, कुणी रंगाचा ब्रश झटकावा तसे. ठिपके विरले, पण कोपरांवर, गुडघ्यांवर आणि केसांच्या कडेला जाड लाल चट्टे मागे राहिले. त्यांच्यावर चंदेरी पापुद्रे धरायचे. खाजवलं की ते कोंड्यासारखे गळायचे आणि जास्त खाजवलं की खालून टिपूसभर रक्त यायचं. डॉक्टरांनी बघताक्षणी नाव सांगितलं, सोरायसिस. मलम लिहून दिलं आणि म्हणाले, "हे पुन्हा पुन्हा डोकं वर काढेल. मला दाखवत राहा."

'पुन्हा पुन्हा' एवढं ऐकून तो जो बाहेर पडला तो परत त्या दवाखान्याची पायरी चढला नाही. पुढच्या वीस वर्षांत त्याने अकरा डॉक्टर केले, पण दुसऱ्यांदा तोंड एकालाही दाखवलं नाही. दुसऱ्या भेटीत डॉक्टर विचारणार, 'अजून आहेच का?' आणि तो प्रश्न त्याला ऐकायचा नव्हता.

चट्टे हळूहळू हातांवर उतरले. बोटांच्या पेरांवर, मनगटावर. चष्मेवाल्याचं काम असं की त्याला गिऱ्हाइकाच्या तोंडापाशी हात न्यावेच लागतात. त्यातून गिऱ्हाइकाला नुकतंच स्वच्छ दिसायला लागलेलं असतं. पहिल्या दुकानात एक निवृत्त शाळामास्तर आले होते. त्यांनी नवा चष्मा चढवला, दोनदा डोळे मिचकावले आणि इतकी वर्षं धूसर असलेलं जग लख्ख झाल्याच्या आनंदात म्हणाले, "अरे वा! आणि हे तुमच्या बोटांना काय झालंय हो?"

"भाजलंय," तो म्हणाला.

महिन्याभराने मास्तर काडी सैल झाली म्हणून परत आले. "अजून भाजलेलंच?" त्यांनी मायेनेच विचारलं. त्या आठवड्यात त्याने पहिलं दुकान सोडलं.

मग तीच रीत पडली. एका दुकानात 'भाजलंय', दुसऱ्यात 'साबण चालत नाही', तिसऱ्यात 'काच घासायच्या पाण्याने असं होतं.' प्रत्येक थापेचं आयुष्य ठरलेलं. लोकांच्या नजरेत शंका दिसायला लागली की तो दुसरीकडे जागा बघायचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, आणि याचं तर पोटच हात दाखवण्यावर होतं.

सगळं त्याच्या मनाचेच खेळ होते असंही नाही. एका गिऱ्हाइकाने त्याच्या हातातून चष्मा रुमालात धरून घेतला होता. एका केस कापणाऱ्याने त्याच्या डोक्याला लावलेला कंगवा त्याच्यासमोर टोपलीत टाकला होता. एका घरमालकाने जिन्याच्या कठड्याला हात न लावता चढत जा, असं सांगितलं होतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस खरा, पण याच्यामागे अधूनमधून खरोखरच एखादा राक्षस लागायचा आणि त्यामुळे उरलेले खोटेही खरे वाटायचे.

बायको बालवाडीत शिकवायची. लग्न ठरण्याआधी तिसऱ्या भेटीत त्याने चहाच्या टेबलावर बाही कोपरापर्यंत वर केली होती. एवढं धाडस त्याने तोवर कधी केलं नव्हतं. तिने वाकून नीट पाहिलं.

"दुखतं?"

"खाजतं."

"मला होईल?"

"नाही. याची लागण होत नाही."

"बरं. चहा गार होतोय," ती म्हणाली.

ती अशी होती म्हणून संसार टिकला. रोज सकाळी ती चादरीवरचे पापुद्रे छोट्या ब्रशने झटकायची, लहान मुलांनी सांडलेला खडूचा भुगा झटकावा तशी. पण दुकान बदललं की घर बदलायचं, आणि त्याला मात्र ती कंटाळली होती. नवं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला असायचं. तो मुद्दाम तसंच शोधायचा. खोकी भरायची तिने, शाळेत मुलीचं नाव काढायचं नि घालायचं तिने. लेकीच्या पंधराव्या वर्षापर्यंत तिच्या चार शाळा झाल्या होत्या.

लेकीवरून त्याच्या जिवाला वेगळाच घोर होता. हा आजार घरात उतरू शकतो असं पाचव्या की सहाव्या डॉक्टरने सांगितलं होतं. उतरेलच असं नाही, असंही तो म्हणाला होता, पण पाहुण्याने अर्धंच वाक्य घरी आणलं. काहीतरी निमित्त काढून तो मुलीचं कोपर बघायचा. "शाई लागलीय वाटतं, बघू." "खरचटलंय का गं?"

एका सकाळी न्याहारीच्या वेळी पोरगी म्हणाली, "बाबा, महिन्यातून दोनदा माझ्या कोपराला शाई कशी लागते? मी काय कोपराने लिहिते?"

तो हसला आणि लगेच त्याचं तोंड उतरलं. पोरीने दोन्ही बाह्या वर करून हात ताटाशेजारी ठेवले. "घ्या, बघा. काही नाही. आणि झालंच कधी, तर मी तुमच्यासारखी पळत सुटणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

बायकोने भांड्यात काहीतरी ढवळायला घेतलं. त्या दिवशी तो अर्धा तास आधीच कामावर गेला.

हे सातवं दुकान दोनच माणसांचं होतं. आतल्या खोलीत मालकीण डोळे तपासायची आणि बाहेर हा चष्मे बनवायचा, बसवायचा. मालकीण साठीची होती, स्वतः बाटलीच्या बुडासारख्या काचा लावायची. तिला सगळे 'बाई' म्हणत. पहिल्याच दिवशी बाईंनी त्याचे हात बघितले आणि तो 'भाजलंय' म्हणायला तोंड उघडतोय तोच म्हणाल्या, "सोरायसिस ना? माझ्या मामेभावाला होता. मलम हवं तर ड्रॉवरमध्ये ठेवा. आणि ही बारा नंबरची फ्रेम आज द्यायचीय."

तोंडातली थाप तोंडातच राहिली आणि तो जास्तच बेचैन झाला. थापेची मुदत कधी संपेल याचा त्याला अंदाज असायचा, पण या बाईच्या चांगुलपणाची मुदत कधी संपणार हे कळायला काही मार्ग नव्हता. रोज सकाळी शटर वर करताना त्याला वाटायचं, आज बोलणार. बाई बोलायच्या, पण ते उशिरा आल्याबद्दल, काचेवर राहिलेल्या बोटाच्या ठशाबद्दल. अशी दोन वर्षं गेली.

आणि मग बोट सुजलं. उजव्या हाताचं पहिलं बोट, मुळापासून टोकापर्यंत, हवा भरल्यासारखं. सकाळी उठल्यावर तासभर मूठ मिटायची नाही. नखांवर बारीक खळगे पडले होते, शिवणकामाच्या अंगुस्तान्यावर असतात तसे. काडीचा स्क्रू तिळाएवढा. तो चिमट्यात धरायचा, भोकात सोडायचा आणि वर एक पिळा द्यायचा, हे काम तो इतकी वर्षं गप्पा मारत करत आला होता. आता स्क्रू निसटायला लागले. एका दुपारी एकाच चष्म्याचे तीन स्क्रू पडले, आणि गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं असताना हा लोहचुंबक घेऊन काउंटरखाली रांगत होता. वर आला तेव्हा कपाळावर घाम होता.

"काय हो, बरं नाही का?" बाईंनी आतून विचारलं.

"झोप नीट झाली नाही," तो म्हणाला. चला, एक थाप तरी मिळाली.

चट्ट्यांची लाज होती, पण बोटाची भीती वाटत होती. हात गेले तर आपल्यापाशी उरतं काय? त्याच सुमारास मेहुणा घरी आला. मेहुणा मालाची गाडी चालवायचा आणि दर वळणावर त्याला एखादा अचूक उपाय सांगणारा माणूस भेटायचा. "भाऊजी, एक गृहस्थ आहेत," तो म्हणाला, "पुड्या देतात. कितीतरी लोकांना गुण आलाय. मुळासकट जातं म्हणतात."

'मुळासकट' हा शब्द त्याच्या कानात अडकून बसला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती. तिथे एका शांत चेहऱ्याच्या माणसाने त्याची नाडी धरली, काही विचारलं नाही आणि पांढऱ्या भुकटीच्या पुड्या दिल्या. सकाळी एक, रात्री एक.

आठ दिवसांत बोट उतरलं. पंधरा दिवसांत चट्टे फिके पडले. महिन्याने कोपरं अशी कोरी झाली की तो आंघोळीनंतर आरशापुढे उभा राहून त्यांना हात लावून बघायचा. त्याला भूक लागायला लागली, चेहरा गोल झाला, झोप उडाली आणि तरी थकवा नाही. पहाटे उठून तो घरातल्या खिडक्या पुसायचा. दुकानातली सगळी कपाटं त्याने नव्याने लावली. एक काळा शर्ट घेतला, अर्ध्या बाह्यांचा, आणि बसमध्ये उभ्याने वरची दांडी धरून गेला, जागा रिकामी असताना.

"यात आहे तरी काय?" बायकोने एक पुडी उघडून वास घेतला.

"जडीबुटी."

"जडीबुटी एवढी पांढरी असते?"

"तुला बघवत नाहीये का मी बरा झालेला?" तो ओरडला. असा तो कधी ओरडत नसे. बायकोने पुडी मिटून ठेवली, पण त्यातली एक तिने आपल्या पर्समध्ये टाकली.

तीन महिन्यांनी तो पुड्या आणायला गेला तेव्हा खोलीला कुलूप होतं. खालच्या सायकलवाल्याने मान न उचलता सांगितलं, "गेला तो. रोज तुमच्यासारखे चार जण येतात, कुलूप हलवतात आणि जातात."

पुड्या संपल्या. पाचव्या दिवशी अंगाची आग व्हायला लागली. दहाव्या दिवशी सगळं अंग, टाळूपासून तळव्यापर्यंत, लालबुंद झालं होतं. आता चट्टे असे राहिलेच नव्हते. सगळा माणूसच एक चट्टा झाला होता. कातडीला हात लावला तर चटका बसावा आणि आत मात्र तो थंडीने कुडकुडत होता. कपडे काढले की पापुद्र्यांचा ढीग पडायचा. पाय सुजून चपलेत मावेनात. "ताप आहे साधा," तो घरात म्हणाला आणि दोन पांघरुणांखाली पडून त्याने बाईंना निरोप लिहिला: 'घरगुती अडचणीमुळे उद्यापासून येऊ शकणार नाही. चाव्या पाठवतो.' मग लेकीला हाक मारून म्हणाला, "माळ्यावरची खोकी काढ. सामान बांधायला घ्या."

बायको दारात उभी होती. "सामान राहू दे. आधी तुम्हाला बांधून नेते," ती म्हणाली आणि तिने गाडी बोलावली.

इस्पितळात त्वचेच्या विभागाची डॉक्टर तरुण होती, झपाझप बोलणारी. बायकोने पर्समधली पुडी तिच्यापुढे ठेवली. "तीन महिने? रोज दोन? आणि एकदम बंद?" डॉक्टरने भुवया उंचावल्या. "यात बहुतेक स्टेरॉइड आहे. तपासायला पाठवू. ते पोटात गेलं की हा आजार दबतो, आणि अचानक थांबलं की दुप्पट उसळतो. आणखी दोन दिवस घरी राहिला असतात तर अवघड होतं. आधीचे कागद आहेत?"

तो 'नाही' म्हणणार होता. बायकोने पिशवीतून एक गठ्ठा काढला. वीस वर्षांच्या चिठ्ठ्या. लग्नाआधीच्यासुद्धा, त्याने जुन्या बॅगेत कोंबलेल्या. डॉक्टर एकेक उलटत गेली आणि तशा स्थितीतही तिला हसू आलं. "अकरा डॉक्टर आणि अकराही पहिल्या भेटी. दुसरी भेट एकही नाही?"

"नाही," तो म्हणाला.

"म्हणूनच तुम्हाला कुणी पूर्ण बघितलंच नाही." तिने त्याचा उजवा हात उचलला, नखं उजेडात धरली, पहिलं बोट दाबलं. तो कळवळला. "हे कधीपासून?"

"ते वेगळं आहे. ते कामामुळे."

"वेगळं नाही. हे दुखणं आणि ते चट्टे एकाच घरातले. जंतूंशी लढायला आपल्या अंगात एक फौज असते. तुमची फौज शत्रू नसतानाच लढत सुटते. नवी कातडी तयार व्हायला महिना लागतो, तुमच्याकडे ती चार-पाच दिवसांत तयार होते, मग जुनी झडणार कुठे? ती साठते. तीच फौज सांध्यात शिरली की बोट सुजतं. चट्टे तुम्ही वीस वर्षं लपवलेत, पण सांधे लपवू नका. उशीर झाला तर बोट कायमचं वाकेल."

"बरं होईल का?" त्याने विचारलं.

"आटोक्यात राहील."

"मी बरं होईल का विचारलं."

"मी पण त्याचंच उत्तर दिलं," डॉक्टर म्हणाली. "मुळासकट जाणार नाही. आणि जो मुळासकट म्हणेल ना, त्याचा जिना चढू नका."

तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आयुष्यभर म्हणजे किती, याचा तो हिशेब करत होता आणि खाजवू नये म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवत होता. परिचारिका दर चार तासांनी येऊन मलमाने त्याचं अंग लेपून जायची.

सहाव्या दिवशी बाई आल्या. फळं वगैरे काही आणली नव्हती. खुर्ची ओढून बसल्या.

"चाव्या पाठवणार होतात."

"पाठवतो. बायकोला सांगतो."

"का सोडताय?"

"आता हे असं..." त्याने सोललेले हात पांघरुणाबाहेर काढले. "दुकानात कोण उभं राहील माझ्यापुढे? तुम्ही सांगायच्या आत मीच सांगितलं."

"मी सांगणार होते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात शेवटी."

"कोण? एक नाव सांगा. सहा दुकानं झाली ना? एका मालकाचं नाव सांगा ज्याने जा म्हटलं."

तो आठवू लागला. मास्तर आठवले, रुमालवालं गिऱ्हाईक आठवलं, कंगवा आठवला. मालक एकही आठवेना. शेवटी तो चिडून म्हणाला, "म्हटलं नसेल. म्हटलं असतं."

"खोटं बोलत नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्याबद्दल तक्रारी आल्यात. दोन आल्या. एकाला मी समजावलं, त्याला पटलं. दुसऱ्याला पटलं नाही, तो दुसरीकडे जातो आता. गेला तर गेला. पण तुम्ही गेल्यापासून रोज माझी गिऱ्हाइकं वाकडे चष्मे घालून हिंडताहेत, त्याचं काय करू? माझे हात म्हणजे आनंदच आहे." त्या उठल्या. "चाव्या तुमच्याकडेच राहू द्या. माझ्याकडे दुसऱ्या आहेत."

नऊ दिवसांनी तो घरी आला. औषध म्हणजे आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. परिचारिकेने तीन-तीनदा बजावलं होतं: रोज नाही, आठवड्यातून एकदा, रोज घेतलीत तर जिवावर बेतेल. बायकोने गुरुवार ठरवला आणि डबी आपल्या कपाटात ठेवली. दारू बंद, ती तो फारशी घेत नव्हताच. ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी. आंघोळ कोमट पाण्याने, आणि अंग ओलसर असतानाच मलम. शुक्रवारी सकाळी मळमळायचं आणि तो घरात येरझारा घालायचा. "बसा हो जरा," बायको म्हणायची. "बसलो की जास्त मळमळतं," तो म्हणायचा. ते खरं नव्हतं, पण बसवतच नव्हतं.

सात आठवड्यांनी तो दुकानात गेला. कातडी गुलाबी, पातळ, कोपरांवर पुन्हा चट्टे धरू लागलेले. तिसऱ्याच दिवशी एक गिऱ्हाईक बाई नवा चष्मा न्यायला आल्या. त्याने काडी कानामागे नेली तशी त्यांनी मान मागे घेतली.

"दुसरं कुणी नाही का?"

त्याच्या घशाशी 'भाजलंय' आलं. पण खरं भाजलेलं माणूस कसं दिसतं हे त्याने इस्पितळात शेजारच्या खाटेवर पाहिलं होतं, आणि हे तसं दिसत नव्हतं. "हा सोरायसिस आहे," तो म्हणाला. आवाज नको तेवढा मोठा निघाला आणि बाकावर बसलेले दोघे वळून बघायला लागले. "हात लागून तुम्हाला होणार नाही. तरी नको असेल तर मी सांगतो तसं तुम्हीच वाकवा."

त्या गिऱ्हाईक बाईंनी खरंच प्रयत्न केला. काडी नको तिथे वाकली. "असू दे," म्हणत त्या वाकडा चष्मा घालून निघून गेल्या.

चार वाजता, भर कामाच्या वेळी, तो काही न सांगता बाहेर पडला. तीन बसथांबे चालत गेला. एका नव्या चष्म्याच्या दुकानात काचेवर पाटी होती, 'कारागीर पाहिजे'. आत गेला. मालकाने दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, "शहराच्या दुसऱ्या टोकाला शाखा काढतोय, सोमवारपासून तिथे या." तो म्हणाला, "घरी विचारून सांगतो," आणि तसाच परत आला.

"कुठे होतात?" बाईंनी विचारलं.

"पाय मोकळे करायला गेलो होतो."

"इतके मोकळे नका करू. तीन जण बसलेत."

घरी त्याने बायकोला पाटीबद्दल सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जायचं तर जा. पण या खेपेला खोकी तुम्ही भरा. आणि फक्त तुमचीच भरा. मी आणि पोरगी इथेच राहतोय."

तो भडकला. खोलीत चार फेऱ्या मारल्या, खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. लेक वहीतून डोकं वर न काढता लिहीत राहिली. कुणी त्याच्याशी भांडायलाच तयार नव्हतं.

सोमवारी तो गेला नाही. त्यामागे काही मोठा निश्चय वगैरे नव्हता. बुधवारी रक्ताची तपासणी होती आणि फाइल इथल्या इस्पितळात होती. शहराच्या त्या टोकाला जायचं म्हणजे नवा डॉक्टर, तेरावा, आणि त्याला घसा धरल्यापासून पुड्यांपर्यंत सगळं पहिल्यापासून सांगायचं. पुन्हा पहिल्यापासून सांगण्याचा त्याला आयुष्यात प्रथमच कंटाळा आला.

आठवड्याभराने त्या गिऱ्हाईक बाईंचे यजमान वाकडा चष्मा घेऊन आले. "ती कामात आहे, म्हणून मी," ते म्हणाले आणि नजर चुकवली. पाहुण्याने काड्या सरळ करून दिल्या, कान न बघता, अंदाजाने. चष्मा बसला की नाही हे त्याला कधीच कळलं नाही आणि ते त्याला पुढे कितीतरी दिवस खुपत राहिलं.

याला आता तीन वर्षं झाली. तो अजून बाईंच्याच दुकानात आहे. पहिल्या वर्षी चट्टे बरेच हटले, कोपरांवर रुपयाएवढे उरले. बोटाची सूज उतरली, पण वरचं पेर थोडं वाकडं राहिलं ते राहिलंच. आता तो स्क्रू डाव्या हाताने धरतो, चष्मा छोट्या शिकंज्यात अडकवतो आणि जिथे एक मिनिट लागायचं तिथे चार घालवतो. गिऱ्हाईक विचारतं, कधी विचारत नाही. विचारलं की तो सांगतो. दर वेळी आवाज थोडा वर जातो, त्याला अजून सवय झालेली नाही.

यंदाच्या कोरड्या थंडीत आजाराने पुन्हा डोकं वर काढलं. त्यातच रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे वाढलेले निघाले आणि डॉक्टरने गोळी थांबवली. आता दुसरं औषध बघायचं म्हणाली, इंजेक्शन, त्याआधी छातीचा फोटो आणि आणखी चार तपासण्या. पाठीवर नवे चट्टे आलेत, पिशवीचा पट्टा घासतो नेमके त्या रेषेत. गेले दोन आठवडे झोप नाही, आणि घरात कुणी दार आपटलं तरी तो दचकतो.

आज तो आणि बायको इस्पितळाच्या बोळात बसलेत. म्हणजे बायको बसलीय. तो पाण्याच्या टाकीपासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून टाकीपर्यंत चालतोय, हातात फोटोचं मोठं पाकीट, दर फेरीला दारावरच्या लाल दिव्याकडे बघत.

"किती वेळ लावतात!" तो म्हणतो.

"तुमच्यापुढे अजून दोघं आहेत."

"एक आत जाऊन वीस मिनिटं झाली. काय करत असेल एवढं?"

"बोलत असेल," बायको म्हणते. "तुम्ही काय काय विचारणार ते लिहून आणलंत का?"

त्याने आणलंय. शर्टाच्या खिशात घडी आहे, तिच्यावर नऊ प्रश्न आहेत, आठवा दोनदा खोडून पुन्हा लिहिलेला. तो घडी काढतो, वाचतो, खिशात ठेवतो, मनगट खाजवायला हात नेतो, मधेच थांबवतो आणि ते मनगट नुसतं घट्ट धरून ठेवतो. दिवा हिरवा होतो. आतला माणूस बाहेर येतो. परिचारिका दारातून पुढच्याला हाक मारते, ती त्याच्या नावाची नसते. तो पुन्हा टाकीकडे चालायला लागतो.